पश्चिमेच्या भिंतीला फायबर सिमेंटच्या पट्ट्या : पारख करण्यापासून शेवटच्या स्क्रूपर्यंत

नाशिकमध्ये घराच्या चारही भिंती एकसारख्या म्हाताऱ्या होत नाहीत. मखमलाबाद रोडच्या आमच्या घराची पूर्वेची भिंत इतक्या वर्षांनीही तरतरीत आहे, पश्चिमेची मात्र दर दोन पावसाळ्यांनी रंग मागायची. आपल्याकडे पावसाळी वारा पश्चिम-नैऋत्येकडून येतो. सर उभी पडत नाही, भिंतीवर तिरकी आपटते. एप्रिल-मेमध्ये त्याच भिंतीवर दुपारी दोनपासून सूर्य बुडेपर्यंत ऊन. तापणं, भिजणं, पुन्हा तापणं. प्लास्टरला केसासारख्या चिरा जातात, त्यातून पाणी शिरतं आणि आतल्या खोलीत पोपडे सुटतात.

यावर उपाय म्हणून मी त्या भिंतीला लाकडासारख्या दिसणाऱ्या फायबर सिमेंटच्या पट्ट्या लावून घेतल्या. पहिल्यांदा ते काम पूर्ण फसलं. ठेकेदाराने पट्ट्या थेट प्लास्टरवर, मध्ये लाकडी चिपा सारून, स्क्रूने आवळून टाकल्या. दिसायला भिंत देखणी झाली. दुसऱ्या वर्षी गणपतीच्या दिवसांत मात्र आतल्या खोलीत ओल्या गोणपाटासारखा वास यायला लागला. सगळ्यात खालची पट्टी मी स्वतः खोलली. आतून वाटीभर गढूळ पाणी पायावर आलं. चिपा बोटाने दाबल्या की भिजलेल्या टोस्टसारख्या चुरत होत्या. एका चिपेवरून वाळवीची मातीची रेघ वर गेली होती आणि स्क्रूच्या दांड्यावर तांबडा गंज फुगला होता. पट्टी मात्र ठणठणीत! पुसून वाळवली आणि तीच पुन्हा वापरली.

तेव्हापासून मी या कामाकडे एकाच नजरेने बघतो. पट्टी सहसा फसत नाही, पट्टीच्या मागची जागा फसते. पट्टीच्या मागे पाणी जाणारच, असं गृहीत धरा. ते खाली उतरून बाहेर पडायला वाट हवी आणि उरलेली ओल सुकायला वारा हवा. पुढे जे लिहिलं आहे ते बहुतेक याच दोन गोष्टींसाठी आहे.

आधी भिंत कोरडी आहे का ते बघा

भिंतीत ओल असताना तिच्यावर आवरण चढवणं म्हणजे ओल्या जखमेवर पट्टी बांधणं. ओल कुठून येते ते आधी शोधा. गच्चीच्या कठड्यातून? बाथरूमच्या जुन्या पाइपातून? जोत्यातून वर चढते आहे? यातली एकही गळती बाहेरच्या पट्ट्यांनी थांबत नाही, फक्त दिसेनाशी होते.

घरच्या घरी तपासायला सोपं आहे. दीड फुटाचा जाड प्लास्टिकचा चौकोन भिंतीच्या आतल्या अंगाला चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करा आणि दोन दिवस ठेवा. प्लास्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले, तर ओल भिंतीतूनच येते आहे. हे पाऊस थांबल्यावर, दसऱ्याच्या सुमारास करा. थेंब दिसले तर गच्ची आणि प्लंबिंग दुरुस्त करून घ्या, भिंतीला महिनाभर सुकू द्या आणि पुन्हा तपासा.

जुन्या नाशकात, पंचवटीत किंवा सराफ बाजाराकडे, पांढऱ्या मातीच्या भिंतींचे वाडे अजून आहेत. त्या भिंतींना हे काम करू नका. मातीत अँकर (भिंतीत भोक पाडून बसवायचा पकड-बोल्ट) धरत नाही, आणि त्या भिंतीला चुन्याच्या गिलाव्यातून श्वास घ्यायची सवय असते. तिला चुनाच द्या.

माल कसा पारखायचा

फायबर सिमेंट म्हणजे सिमेंट, बारीक वाळू किंवा फ्लाय अॅश आणि लाकडाच्या लगद्याचे तंतू. या सगळ्याचे पातळ थर एकावर एक बसवतात, आणि चांगला माल दाबाखालच्या वाफेत पक्का केलेला असतो. थर बसवण्याची ही रीत ऑस्ट्रियाच्या लुडविग हाचेक यांची, विसाव्या शतकाच्या सुरुवातीची. तेव्हा तंतू अॅस्बेस्टॉसचे असत. अॅस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसाला किती घातक आहे हे आता सगळ्यांना माहीत आहे, तरी आपल्याकडे छपराचे सिमेंट पत्रे बरेचदा अजूनही त्याचेच असतात. म्हणून दुकानात पहिला प्रश्न हाच विचारा : माल अॅस्बेस्टॉसविरहित आहे का? आणि ते बिलावर लिहून घ्या.

दुसरा प्रश्न त्याहून कमी जण विचारतात. सपाट फायबर सिमेंट बोर्डांसाठी भारतीय मानक आहे आय.एस. १४८६२. त्यात ए टाइप म्हणजे ऊन-पावसात उघड्यावर चालणारा बोर्ड आणि बी टाइप म्हणजे आत किंवा आडोशाला वापरायचा. फॉल्स सीलिंग आणि पार्टिशनसाठी गोदामात पडून असतो तो बहुतेक बी टाइप, आणि तो स्वस्त असतो. ‘सिमेंटचाच आहे, पाण्याला काय होतंय’ म्हणत तो बाहेर लावला जातो आणि दोन-तीन वर्षांत कडा फुलतात. पॅकिंगवरचा शिक्का स्वतः वाचा.

आपल्याकडे एव्हरेस्ट, विसाकाचा व्हीनेक्स्ट, थायलंडचा शेरा असे ब्रँड मिळतात. एव्हरेस्टचा तर एक कारखाना आपल्याच जिल्ह्यात, दिंडोरी तालुक्यात लखमापूरला आहे. ब्रँड कोणताही घ्या, त्या कंपनीचं बसवण्याचं माहितीपत्रक मागून घ्या आणि मिस्तरीच्या हातात द्या. स्क्रूचं अंतर, फटीचं माप, जोडाची सोय या गोष्टी मालागणिक थोड्या बदलतात, आणि वॉरंटी त्या पत्रकावरच उभी असते.

दुकानातून हातभर तुकडा मागून आणा. त्याला ताजा काप द्या, एक दिवस-रात्र बादलीत बुडवून ठेवा आणि काढल्यावर कापलेली कड नखाने खरवडून बघा. पाणी पिऊन तुकडा जड होतो, त्याची काळजी करू नका. या मालाचा तो स्वभाव आहे. पण कडेला पुस्तकाच्या पानांसारखे थर सुटायला लागले, तर तो माल बाहेरच्या भिंतीसाठी नाही.

जाडी : एकावर एक चढवायच्या पट्ट्यांना ८ मिमी. मोठे सपाट बोर्ड बाहेर लावायचे असतील तर ८ पुरते, पण १० घेतला तर उन्हात सरळ राहतो. मला विचाराल तर घरासाठी पट्टीच बरी. आठ बाय चारचा ८ मिमीचा बोर्ड तीस-बत्तीस किलोचा भरतो. तो दोन माणसांनी परांचीवर चढवायचा म्हणजे कोपरे फुटतात आणि जोडही डोळ्यात भरतात.

रंगात एक सांगतो. पश्चिमेला गडद चॉकलेटी किंवा काळपट रंग नको. तो जास्त तापतो, जोडाची फट जास्त उघडते-मिटते आणि सीलंट (फटीत भरायचं लवचीक भरण) लवकर सुटतं.

किती पट्ट्या लागतील

इथे बरेच जण फसतात. समजा भिंत ३० फूट रुंद आणि २० फूट उंच आहे, म्हणजे ६०० चौरस फूट. खिडक्यांचे ४० वजा केले की ५६० उरतात. पट्टी १० फूट लांब आणि ६ इंच रुंद, म्हणजे ५ चौरस फूट. मग ११२ पट्ट्या? नाही. पट्टी पट्टीवर सव्वा इंच चढते, म्हणून दिसते फक्त पावणेपाच इंच. एका पट्टीने झाकलं जातं जेमतेम ४ चौरस फूट. म्हणजे १४२ पट्ट्या, त्यावर कापाकापीचे दहा टक्के धरून साधारण १५६. दुकानदाराने ११२चा हिशोब दिला, तर उरलेल्या पट्ट्या नंतर घ्याव्या लागतील आणि त्या दुसऱ्या लॉटच्या निघतील.

माल आल्यावर भिंतीला टेकवून उभा ठेवू नका, वाकतो. सपाट जमिनीवर दोन-दोन फुटांवर लाकडी ठोकळे ठेवा, त्यावर आडवा रचा आणि वरून ताडपत्री टाका. भिजलेली पट्टी लावली की सुकताना ती आखडते आणि जोड उघडे पडतात. उचलताना पट्टी कडेवर उभी धरा. सपाट धरली तर मधून तडकते.

सांगाडा

काम दसऱ्यानंतर सुरू करा आणि होळीच्या आत संपवा. मे महिन्यात भिंत इतकी तापते की रंग ब्रशखालीच वाळतो.

लाकूड टाळा. आपल्या काळ्या जमिनीत वाळवी आहे, आणि पट्टीमागे ती दिसतही नाही. फॅब्रिकेटर काळा लोखंडी पाइप सुचवेल आणि ‘वर रेड ऑक्साइड मारतो’ म्हणेल. पट्टीमागे पुन्हा रंग मारायला कुणीच जाऊ शकत नाही, म्हणून जी.आय.चाच, म्हणजे जस्ताची कल्हई चढवलेला लोखंडी पाइप घ्या, पाइपाच्या पत्र्याची जाडी साधारण दीड मिमी. वेल्डिंग केलं की त्या जागची जस्ताची कल्हई जळते, तिथे जस्तयुक्त रंगाचे दोन हात द्या. शक्यतो वेल्डिंग न करता एल क्लिपांवर (काटकोनात वाकवलेल्या पत्र्याच्या तुकड्यांवर) स्क्रूनेच जोडा. त्याचा आणखी एक फायदा पुढे येतो.

पट्ट्या आडव्या, म्हणून पाइप उभे. दोन पाइपांच्या मध्यांमध्ये १६ इंच. खिडकीच्या दोन्ही बाजूंना आणि कोपऱ्यावर जादा पाइप. गंगापूर धरणाकडच्या मोकळ्या माळावर किंवा टेकडीवर घर असेल, तर वारा कोपऱ्यावर सगळ्यात जास्त ओढतो. कोपऱ्यापासून चार फुटांपर्यंत १२ इंचांवर पाइप द्या.

एल क्लिप भिंतीला दोन-दोन फुटांवर अँकरने पकडा. अँकर प्लास्टरमध्ये नव्हे, विटेत दोन इंच गेला पाहिजे. बाहेरचं प्लास्टर पाऊण-एक इंच असतं, म्हणजे तीन इंची अँकर लागतो. विटांच्या सांध्यात भोक पडलं तर ते सोडून बाजूला पाडा. नव्या इमारतींत ए.ए.सी. ब्लॉक, म्हणजे हलके सच्छिद्र सिमेंटचे ठोकळे असतात. त्यांत साधा पसरणारा लोखंडी अँकर ब्लॉक फोडतो किंवा सैल होतो. त्यांच्यासाठीचे नायलॉनचे किंवा केमिकल अँकरच वापरा. ५६० चौरस फुटांच्या भिंतीवर नुसत्या पट्ट्यांचंच वजन सात क्विंटलच्या आसपास जातं, हे मिस्तरीला सांगून ठेवा.

आता ओळंबा. आपली प्लास्टरची भिंत कधीच एका सरळीत नसते, वीस फुटांत एक इंच पोट असणं नेहमीचंच. दोन टोकांचे पाइप ओळंब्यात धरा, वर-मध्ये-खाली दोरी ताणा आणि मधले पाइप दोरीला लावून क्लिपांवर पुढे-मागे सरकवा. इथे घालवलेला एक दिवस पुढे तीन दिवस वाचवतो. आमच्या दुसऱ्या वेळच्या मिस्तरींनी दिवसभर एकही पट्टी हातात घेतली नाही, नुसत्या दोऱ्या ताणल्या. संध्याकाळी म्हणाले, “भाऊ, आज काही दिसणार नाही तुम्हाला. उद्या दुपारपर्यंत अर्धी भिंत बघा.” आणि झालंही तसंच.

प्लास्टर आणि पट्टी यांच्यात सगळीकडे किमान एक इंच पोकळी राहिली पाहिजे. ती खाली उघडी हवी आणि वर छज्ज्याखालीही अर्धा इंच उघडी हवी, म्हणजे तापलेली हवा वर निघते आणि खालून गार हवा शिरते. भिंत थोडी गार राहते ती या सावलीमुळे आणि खेळत्या हवेमुळे. ८ मिमीच्या पट्टीत स्वतःची ऊन अडवायची तशी ताकद नसते. पोकळीच्या दोन्ही तोंडांना बारीक स्टीलची जाळी बसवा, नाहीतर उंदीर, पाली आणि कुंभारीण माश्या घर करतात.

गच्चीवरची खोली नुसत्या लोखंडी सांगाड्याची असेल, मागे विटेची भिंतच नसेल, तर सांगाड्यावर आधी वाफ जाऊ देणारा पण पाणी अडवणारा कागद खालून वर चढवत लावा आणि मग पट्ट्या. साधं प्लास्टिक लावू नका, आतली वाफ त्यावर घाम धरते.

खिडक्या, पाइप, ए.सी.

गळतीची तक्रार भिंतीच्या मध्यावर क्वचित येते, ती खिडकीच्या डोक्यावर येते. प्रत्येक खिडकीच्या वर जी.आय. किंवा अॅल्युमिनियमच्या पत्र्याची मुडपलेली पट्टी हवी. तिचा मागचा कान भिंतीला, फायबर सिमेंटच्या पट्टीच्या मागे. पुढचा कान खाली वाकलेला आणि बाहेर उताराचा. लांबी खिडकीपेक्षा दोन्हीकडे दोन इंच जास्त. मागचा कान भिंतीला सीलंटने बंद करा. वरची फायबर सिमेंटची पट्टी या पत्र्याच्या दोन सूत (पाव इंच) वर थांबवा आणि ती फट उघडी ठेवा. रंगारी तिथे हटकून सीलंट भरतो. त्याला आधीच सांगा. ती पाण्याची बाहेर पडायची वाट आहे.

अॅल्युमिनियम ओल्या सिमेंटला लागून असेल तर खराब होतं, तिथे मध्ये रंगाचा थर द्या.

ए.सी.चं ब्रॅकेट, डिश अँटेना, कपड्यांची दोरी, काहीच पट्टीवर टांगायचं नाही. ब्रॅकेटची जागा आधी ठरवा आणि तिथे भिंतीपासून पट्टीच्या पृष्ठभागापर्यंत पाइपचा तुकडा बसवा, म्हणजे भार भिंतीवर जाईल. नळाच्या पाइपाभोवती चारही बाजूंनी एक सूत जागा सोडून सीलंट भरा. सुरुवातीआधी सगळ्या पाइपांचे फोटो काढून ठेवा, झाकल्यावर उपयोगी पडतात.

पट्टी बसवताना

सगळ्यात खालची कड मातीपासून सहा इंच वर, फरशी किंवा कोब्यापासून दोन इंच वर. फरशीवर आपटून उडणाऱ्या पाण्याने खालची कड सतत भिजू नये म्हणून. अंगणात पुढे भराव किंवा पेव्हर ब्लॉक टाकायचे असतील, तर त्यांची उंची आत्ताच धरा.

पहिल्या पट्टीच्या मागे, तिच्या खालच्या कडेशी, त्याच मालाची सव्वा इंची चीप लावा. वरच्या सगळ्या पट्ट्या खालच्या पट्टीवर चढल्याने थोड्या बाहेर कलतात. ही चीप नसेल तर पहिलीच पट्टी आत कलते आणि सगळी भिंत वाकडी दिसते. पाण्याला खाली वाट राहावी म्हणून ही चीप पाइपापुरतीच ठेवा, सलग नको.

स्क्रू स्टेनलेसचे, नाहीतर बाहेरच्या कामासाठी कोटिंग केलेले. पट्टीच्या वरच्या कडेपासून एक इंच खाली, प्रत्येक पाइपावर एक, म्हणजे पुढच्या पट्टीने तो झाकला जातो. टोकापासून किमान अर्धा इंच आत, आणि टोकाजवळ आधी भोक पाडून मगच स्क्रू. डोकं पृष्ठभागाला टेकलं की थांबा. ड्रिल मशीनचा जोर कमी ठेवा. डोकं आत रुतलं की त्या जागची पकड गेली. वाऱ्याच्या तोंडावरच्या भिंतीला खालच्या कडेजवळही दिसणारे स्क्रू द्यावे लागतात. माहितीपत्रकात तसं असेल तर शोभेपायी टाळू नका.

दोन पट्ट्यांचा जोड नेहमी पाइपावरच आला पाहिजे, त्यामुळे जोडावर दुहेरी रुंदीचा पाइप घ्या. जोडाच्या मागे सहा इंच रुंद रंगीत पत्र्याची चीप सरकवा, तिची खालची कड खालच्या पट्टीवर चढलेली. वर-खालच्या ओळींचे जोड किमान दोन पाइप इकडे-तिकडे ठेवा. कोपऱ्याच्या आणि खिडकीच्या चौकटीशी एक सूत फट ठेवा. दर पाच ओळींनी लेव्हल ट्यूबने तपासा.

कापताना धूळ

या मालात सिलिका असते. तिची बारीक धूळ फुप्फुसात कायमची बसते आणि सिलिकोसिस होतो, जो बरा होत नाही. आपल्याकडे पोरं ग्राइंडर घेऊन, तोंडाला रुमाल बांधून, बंद पॅसेजमध्ये पट्ट्या कापतात. मला ते बघवत नाही. रुमालाने ही धूळ अडत नाही. कापायची जागा उघड्यावर, वाऱ्याची दिशा बघून, घराच्या खिडक्यांपासून लांब ठेवा. सरळ काप शक्यतो कार्बाइडच्या टोकाच्या खाच पाडायच्या हत्याराने ओढून, कडेवर मोडून करा. धूळ फारच कमी होते. करवत लागलीच तर फायबर सिमेंटचं कमी दातांचं पातं आणि त्याला व्हॅक्यूम. एन-९५ मास्क तुम्ही स्वतः आणून द्या आणि दररोज नवा द्या. ठेकेदाराच्या भरवशावर सोडू नका. झाडू कोरडा मारू नका, आधी पाणी शिंपडा.

कापलेल्या प्रत्येक कडेला बसवण्याआधीच प्राइमर लावा. डबा आणि एक इंची ब्रश कापायच्या टेबलावरच ठेवा, म्हणजे विसर पडत नाही.

जोड आणि रंग

कोपऱ्याच्या आणि खिडकीच्या फटीत रंग धरणारं पी.यू. (पॉलियुरेथेन) सीलंट भरा. व्हिनेगरसारखा वास येणारं साधं सिलिकॉन नको, ते सिमेंटला नीट चिकटत नाही आणि त्यावर रंग बसत नाही. वरच्या पट्टीची खालची कड जिथे खालच्या पट्टीवर चढते, ती रेषा कधीच बंद करायची नाही.

आधीच रंगवलेला माल नसेल तर क्षार सोसणारा प्राइमर एक हात आणि बाहेरचा शुद्ध अॅक्रिलिक रंग दोन हात. थंडीत निफाडच्या बाजूला सकाळी दवाने भिंत ओली असते, म्हणून हात फिरवून कोरडी लागल्यावर, दहानंतर सुरुवात करा आणि चार-साडेचारला थांबा. पट्ट्यांवर पुट्टी घासू नका, कारण ती पट्टीबरोबर हलत नाही आणि तडकते.

नंतर

दर वर्षी दिवाळीच्या साफसफाईत साध्या पाइपाने आणि मऊ ब्रशने भिंत धुवा. प्रेशर मशीनचा झोत वर, पट्टीच्या मागे मारू नका. खालची जाळी पानं-मातीने तुंबली असेल तर मोकळी करा, खिडक्यांभोवतीचं सीलंट बोटाने दाबून बघा आणि सुटलं असेल तिथे काढून नवीन भरा. कुंड्या आणि वेल भिंतीपासून हातभर लांब ठेवा. भिंतीवर हात फिरवल्यावर पिठासारखा रंग लागायला लागला, की रंगाचा नवा हात द्यायची वेळ झाली.

उरलेल्या पाच-सहा पट्ट्या भंगारात देऊ नका. त्यांच्या मागे रंगाचा नंबर, लॉट आणि महिना-वर्ष मार्करने लिहून माळ्यावर आडव्या ठेवा. आमच्याकडे शेजारच्या मुलाच्या चेंडूने एक पट्टी फुटली, तेव्हा माळ्यावरचीच काढून लावली.